सात लाइनींच्या पाच केल्या, वर पैसे पण घेतले: मॉडेल रेल्वेचं यार्ड बदलून देणारं सांगलीतलं एक वर्कशॉप

दुकानाचं नाव लिहिणार नाही, फोन करून पण विचारू नका. एक तर माझ्या दोन-तीन तक्रारी आहेत आणि सांगली म्हणजे काय, उद्या मंडईत समोरासमोर गाठ पडायची. दुसरं म्हणजे त्यांनीच हात जोडून सांगितलंय की काका, आहे तेच काम उरकंना झालंय, अजून गिऱ्हाईक लावून देऊ नका. तरी लिहितोय, कारण ह्या कामात पाच महिने आणि जवळपास चाळीस हजार रुपये घातलेत, आणि ह्या नादाबद्दल मराठीत वाचायला फारसं काही मिळतच नाही, सगळं इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांचं वाचायचं आणि आपल्या गच्चीवर बसवायचं.

कुपवाड एमआयडीसीत एक पत्र्याचं शेड आहे, लेझर कटिंग आणि सीएनसी राउटरचं (म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कापायचं मशीन). खरा धंदा दुकानाच्या पाट्या, देव्हाऱ्याच्या जाळ्या, गणपतीच्या आधी दोन महिने मखर. बहीण-भाऊ चालवतात. त्यातल्या ताईला रेल्वेचं वेड, लहानपण मिरजेत गेलंय, त्यामुळं वर्षाकाठी दोन-तीन मॉडेल रेल्वेची कामं हौसेनं घेतात, ती पण ओळखीतनं आलेली. मला एका मिरजेच्या मित्रानं पाठवलं.

माझं सांगायचं तर मी एचओ स्केलवाला. म्हणजे खऱ्याच्या १/८७, दोन रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. आता आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, ८७ नं भागलं तर १९ च्या वर येतं, म्हणजे आपल्या गाड्यांना हा रूळ अरुंदच पडतो, पण तयार ट्रॅक १६.५ चा मिळतो म्हणून आपण सगळेच तिकडं डोळेझाक करतो. नाद लागला तो पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघून, १९९८ ला ते सुरू झालं त्यानंतर वर्षभरातच गेलो होतो. तिथं मात्र बघायचं असतं, चालवायचं नसतं. मला चालवायचं होतं. पहिला लेआउट, म्हणजे टेबलावर मांडलेली सगळी रेल्वे, गावभागात तळमजल्यावर होता, तो २०१९ च्या पुरात गेला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर चढलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट, आता तुम्हीच हिशेब करा तळमजल्यावर काय राहिलं असंल. इंजिनं तेवढी बायकोनं पिठाच्या डब्यात घालून वर नेली (डबा अजून परत मागते). मग घर बदललं, विश्रामबागला आलो आणि नवीन लेआउट थेट गच्चीवरच्या खोलीत.

स्टेशनचं नाव हरिपूर जंक्शन. हो, माहिती आहे, हरिपूरला रेल्वे नाही. म्हणूनच ठेवलं. कृष्णा-वारणेचा संगम आहे, संगमेश्वर आहे, सगळं आहे, फक्त रेल्वे नाही, ती मी दिली. काळ १९८० च्या आसपासचा, ह्याला कारण आहे. त्याच दशकात आपल्या रेल्वेनं सुट्या वॅगनींचं बुकिंग कमी करत अख्ख्या रेकची, म्हणजे एकाच मालाच्या सबंध गाडीची वाहतूक धरली, मग यार्डात गाडी फोडून वॅगनी ठिकाणाप्रमाणं निवडत बसायचं कामच संपत गेलं. आज बॉक्सएनचा, म्हणजे वरनं उघड्या मालडब्यांचा रेक म्हणजे ५८ वॅगनी, एका टोकाला भरायचा नि दुसऱ्या टोकाला रिकामा करायचा, त्यात खेळण्यासारखं काय उरतं? शिवाय बॉक्सएन १०.७ मीटर लांब, म्हणजे एचओत सव्वाबारा सेंटीमीटर, ५८ वॅगनी लावल्या तर सात मीटरच्या वर, तेवीस फूट. माझी भिंत चौदा फुटांची. त्यामुळं माझी मालगाडी आठ वॅगनींची, एक डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन आणि मागं गार्डचा डबा. त्यात एकात हळद, दोनात साखर, एकात तासगावचा बेदाणा, कोळसा, खत, असं भेसळीचं. प्रत्येक वॅगनीला एक कार्ड, जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मीच लिहिलेलं, कुठनं आली कुठं जायची. रविवारी चौघं जमतो, एक कंट्रोलर, एक स्टेशन मास्तर, एक यार्ड बघणारा, एक ड्रायव्हर, घड्याळ चौपट वेगानं पळवतो आणि तीन तास सेशन चालतं. चालायला पाहिजे, असं म्हणा. कारण ते चालतच नव्हतं.

दर रविवारी एकच व्हायचं. पहिली मालगाडी यायची, यार्डात घुसायची, आणि तिथनं पुढं सगळं थटायचं. मेहुणा महालक्ष्मी एक्सप्रेस घेऊन आउटरला, स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला उभा. घड्याळ चौपट, त्यामुळं खरी सहा-सात मिनिटं थांबला की वेळापत्रकात अर्धा तास लेट. कोयना तिच्या मागं. मेहुणा म्हणायचा, "दाजी, खऱ्या गाडीत पण थांबतो, इथं पण थांबतो, मग मी हितं येऊन नेमकं काय केलं?" मला वाटायचं लाइनी कमी पडतायत. यार्डात सात लाइनी होत्या, मी म्हटलं नऊ करू. म्हणून त्या शेडवर गेलो होतो, नऊ लाइनींचं टेबल कापून घ्यायला.

ताई घरी आली ती टेप न घेता. मी चहा-भडंग ठेवलं, तिनं स्टूल ओढलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही चौघं नेहमीसारखं चालवा, मी नुसती बसते." चाळीस मिनिटं बसली. मांडीवर वही, वहीत दोन रकाने. आम्हाला आधी जरा अवघडल्यासारखं झालं मग विसरलो. शेवटी तिनं वही पुढं केली. चाळीस मिनिटांतली सत्तावीस मिनिटं मेन लाइन अडवलेली होती, आणि अडवणारं कोण तर माझंच शंटिंगचं इंजिन. दुसऱ्या रकान्यात माझ्या सदऱ्याची बाही किती वेळा वॅगनीला लागली त्याच्या रेघा, नऊ, त्यात दोन वॅगनी आडव्या. नऊ लाइनींचं तिनं नावच काढलं नाही.

आता हे का होत होतं ते सांगतो, कारण ह्यात बऱ्याच जणांचं चुकत असणार. यार्डाच्या तोंडाला लाइनी एकत्र येतात, तिथनं वॅगनींची लड बाहेर ओढायची, पॉइंट (गाडीला एका लाइनीतनं दुसरीत नेणारा रुळांचा सांधा) फिरवायचा, दुसऱ्या लाइनीत ढकलायची, हेच शंटिंग. बाहेर ओढलेली लड कुठंतरी उभी राहायला पाहिजे ना? खऱ्या यार्डात त्यासाठी वेगळी बंद लाइन असते, शंटिंग नेक. माझ्याकडं नेकच नव्हता. यार्डाचं तोंड थेट मेन लाइनीत उघडायचं, म्हणजे दर वेळी लड ओढली की ती मेन लाइनीवर. रस्त्यावर ट्रक रिव्हर्स घेत बसला की जी तऱ्हा होते तीच. वरनं सातही लाइनी मी हौसेनं भरून ठेवलेल्या, चाळीस वॅगनी. मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये सगळ्यात आत लावलेली गाडी काढायची असली की कसं अनाउन्समेंट करत दहा जणांना जेवणातनं उठवायला लागतं, तसं एका हळदीच्या वॅगनीसाठी अख्खं यार्ड हलवायला लागायचं. ताईचं म्हणणं एवढंच होतं की यार्ड म्हणजे वॅगनी ठेवायची जागा नव्हे, वॅगनी थांबल्या की यार्ड बंद पडलं. ठेवायच्या असतील तर शोकेस आहे की.

मला पटलं नव्हतं तेव्हा. मी गेलेलो नऊ करायला आणि ही म्हणते पाच. भांडलो पण थोडा. मग तिनं मला होमवर्क दिलं, खरंच होमवर्क. इंग्लंडमधल्या अ‍ॅलन राइट ह्यांचं इंगलनुक म्हणून एक कोडं आहे, तीन लाइनी, एकीत पाच वॅगनी मावतात, बाकी दोनांत तीन-तीन, नेकवर इंजिन अधिक तीन वॅगनी. एकूण आठ वॅगनी घ्यायच्या, चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि चिठ्ठ्या ज्या क्रमानं निघाल्या त्याच क्रमानं गाडी लावायची. ६७२० क्रम होतात म्हणे, आठ गुणिले सात गुणिले सहा गुणिले पाच गुणिले चार, मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, बरोबर आहे. डायनिंग टेबलावर दोन पॉइंट जोडून आठ दिवस खेळलो. दोन पॉइंट, फक्त दोन! आणि माझ्या सात लाइनींच्या यार्डात वर्षभरात आली नाही एवढी मजा आली. पाचव्या दिवशी गंमत म्हणून नेक एका वॅगनीनं आखूड केला, दोनच वॅगनी मावतील असा, तर दहा मिनिटांत होणारं काम पाऊण तासावर गेलं आणि शेवटी मी सोडूनच दिलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की लाइनी किती आहेत ह्याला फार अर्थ नाही, नेक किती लांब आहे त्यावर सगळं. फोन केला, म्हटलं करा पाच. पलीकडनं नुसती हसली.

डिझाइन तिनं एक्सट्रॅककॅडवर केलं, फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात काढलेल्या रुळांवर गाडी चालवून पण बघता येते. फाइल मला दिली, हे मला आवडलं, नाहीतर इकडं ड्रॉइंग मागितलं की लोक किडनी मागितल्यासारखं करतात. तिनं स्क्रीनवर दाखवलं ते असं, पेको कंपनीचा मीडियम पॉइंट १२ अंशाचा, शेजारच्या लाइनीचं अंतर दोन इंच, म्हणजे तिरक्या शिडीत प्रत्येक पुढची लाइन आधीच्यापेक्षा जवळजवळ चोवीस सेंटीमीटर मागनं सुरू होते. पहिली लाइन माझी सात फुटांची होती. सहावीपर्यंत येता येता ती सव्वातीन फुटांच्या आत. सातवी त्याहून बुटकी. त्यात परत फाउलिंग मार्क आला, म्हणजे दोन लाइनी जिथं एवढ्या जवळ येतात की त्याच्या पुढं वॅगन उभी केली तर शेजारची गाडी घासून जाईल ती खूण. तिथनं पुढचा रूळ दिसतो पण वापरता येत नाही. सगळं वजा करून सहाव्या लाइनीत पाच वॅगनी आणि सातवीत तीन. आठ वॅगनींसाठी मी दोन पॉइंट, दोन लाइनी आणि टेबलाची चार इंच रुंदी घातली होती. ती चार इंच काढली आणि त्याच जागेतनं मेन लाइनीला समांतर नेक बाहेर काढला, कोपऱ्यातनं वळवून खिडकीच्या भिंतीवर नेला. माझं खरं तर तिथंच तोंड बंद झालं.

मेनच्या लगतच्या दोन लाइनी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या. तिथं वॅगन सोडून जायची नाही, कितीही मोह झाला तरी. पुढच्या तीन निवडायच्या, एक मिरजेच्या बाजूची, एक पुण्याच्या बाजूची, एक गावातल्या गिऱ्हाइकांची म्हणजे हळदीचं गोडाऊन, साखर कारखाना, तेल डेपो. शिवाय गार्डच्या डब्याला एक वीतभर ठुठा, म्हणजे बंद लाइनीचा तुकडा, आणि तिथंच सिक लाइन, कारण माझ्याकडं कायम एक तरी वॅगन आजारी असते.

मी एकच हट्ट धरला होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेतनं लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती आठवते ना, जलदूत. राजस्थानात कोटा इथल्या वर्कशॉपमध्ये टँकर वाफेनं धुऊन आणले होते आणि पहिली गाडी दहा टँकरांची होती, पाच लाख लिटर पाणी. त्या वेळी पेपरात वाघिणी वाघिणी असं छापून यायचं, आमच्या शेजारचं पोरगं विचारायचं, काका वाघिणीत पाणी कसं भरतात. तर १९८० च्या लेआउटवर २०१६ ची गाडी हे सगळ्या नियमांत बसत नाही पण सांगली-मिरजेचा माणूस असून ती गाडी माझ्याकडं नाही हे मला चालणार नव्हतं. दहा टँकर अधिक इंजिन म्हणजे एक मीटर साठ-पासष्ट सेंटीमीटर. ताईनं काही न बोलता दोन्ही लांब लाइनी त्या मापाच्या वर ठेवल्या. असं गिऱ्हाइकाचं ऐकणारं माणूस कमी मिळतं, म्हणजे जिथं ऐकायचं तिथं ऐकणारं आणि जिथं नाही तिथं नाही.

आता कामाबद्दल. टेबल बारा मिलिमीटर प्लायचं, राउटरवर कापलेलं, खाली फ्रेम. मी एमडीएफ म्हटलं होतं स्वस्त पडतं म्हणून, तर तिचा भाऊ म्हणाला पावसाळ्यात पापडासारखा फुगंल, आम्ही बसवणार नाही. कापाकापी एक नंबर, सांध्यात पोस्टकार्ड जात नाही. रुळांना मुद्दाम फटी ठेवल्यात. आमची खोली पत्र्याची, एप्रिलात आत चाळीसच्या वर, जानेवारीत पहाटे पंधरा, एवढ्या फरकानं चौदा फुटांचा रूळ पावणेदोन मिलिमीटर तरी लांबतो. ह्याच खोलीत आधीच्या टेबलावर मी रूळ एकमेकांना घट्ट भिडवून सोल्डर केले होते, मे महिन्यात एका दुपारी वर गेलो तर रूळ टेबलावरनं उचलून कमान झालेली, पूल बांधल्यासारखी.

पॉइंटांना मोटारी लावू नका म्हणून तिनंच सांगितलं, ह्यात तिचंच नुकसान. पेकोच्या पॉइंटात आतनं स्प्रिंग असते, बोटानं टिचकी मारली की पातं पलीकडं जाऊन तिथंच धरून राहतं, आणि यार्डवाला तिथं समोर उभाच असतो, त्याला बटण कशाला. चार जुने पॉइंट वापरले. पण ज्या ठिकाणी माझं छोटं सहा चाकांचं शंटिंग इंजिन मधेच बंद पडायचं तिथले जुने प्लॅस्टिकच्या फ्रॉगचे पॉइंट (फ्रॉग म्हणजे पॉइंटात दोन रूळ एकमेकांना छेदतात ती जागा, प्लॅस्टिकची असली की तिथं चाकाला वीज मिळत नाही) काढून वीज देता येईल असे युनिफ्रॉगचे घातले आणि फ्रॉगला वायर दिली. डब्ल्यूडीएम-२ ला बारा चाकं, त्याला फरक पडत नव्हता, बिचाऱ्या छोट्यालाच पडायचा. आधी दर तिसऱ्या पॉइंटवर त्याला बोटानं ढुशी द्यायला लागायची आणि एकदा ढुशी दिली की मग ते रेल्वे राहत नाही, खेळणं होतं. आता मुंगीच्या पावलानं जातं.

निवडायच्या तीन लाइनींतलं अंतर तिनं दोन इंचांवरनं साठ मिलिमीटर केलं, बोट आणि काडी आत जावी म्हणून. काडी म्हणजे उदबत्तीची, जळून राहिलेली, टोक तासून घ्यायचं, वॅगनी जोडणाऱ्या कपलरच्या दोन नख्यांमध्ये वरनं घालायची आणि किंचित फिरवायची, टक् असा आवाज येतो आणि वॅगनी सुटतात. ह्यासाठी परदेशात कबाबच्या काड्या वापरतात, आपल्याकडं देवघरात रोज दोन फुकट मिळतात. फाउलिंग मार्क म्हणून पांढऱ्या रंगात बुडवलेले टूथपिकचे तुकडे दोन लाइनींच्या मधे आडवे चिकटवले. दिसायला काहीच नाही. पण सगळ्या कामातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू कुठली विचाराल तर हीच, आधी दर सेशनला दोन-तीन टकरा ठरलेल्या, आता नाहीत.

आणि टेबलाच्या पुढच्या पट्टीला प्रत्येक लाइनीच्या समोर कार्ड ठेवायचे लेझरनं कापलेले खण. वॅगन ज्या लाइनीत तिचं कार्ड त्या खणात. मखरवाल्यांनी केलंय ते कळतं, खणाच्या कडेला बारीक वेलबुट्टी आहे, मी सांगितली नव्हती, भावानं आपल्या मनानं काढली. राहू दे म्हटलं.

आता तक्रारी. पहिली वेळ. जुलैत सांगितलं गणपतीच्या आधी देतो. गणपतीच्या आधी मखरांचा सीझन हे त्यांना माहिती नव्हतं का? मला पण सुचायला पाहिजे होतं म्हणा. मग नवरात्र, मग दसरा, शेवटी दिवाळीच्या फराळाला टेबल आलं. मधल्या काळात खोलीत फक्त धूळ आणि खोक्यात भरलेली रेल्वे. फोन उचलायचे, हे खरं, पण उचलून "काका उद्या" एवढंच.

दुसरी तक्रार जास्त मोठी आहे, आणि जी बाई मला नेकच्या लांबीवर आठ दिवस अभ्यास करायला लावते तिच्याच हातनं झाली म्हणून जास्त लागली. नेक तिनं १२२ सेंटीमीटरचा दिला. आठ बॉक्सएन म्हणजे अठ्ठ्याण्णव, इंजिन वीस, झाले एकशे अठरा, बरोबर. पण आलेली गाडी शंटिंगचं इंजिन शेपटाकडनं धरतं, म्हणजे इंजिनाला पहिला गार्डचा डबा लागतो, मग वॅगनी. तो डबा दहा सेंटीमीटरचा. तो तिनं धरलाच नव्हता, वर बफर स्टॉपला, म्हणजे लाइन संपते तिथल्या अडसराला, तीन सेंटीमीटर. पहिल्याच दिवशी अख्खी लड ओढली आणि आठवी वॅगन पॉइंटच्या पात्यावर बसलेली, मागं नेक संपलेला. नऊ सेंटीमीटरनं अडलं. मी काही बोललो नाही, नुसता फोटो पाठवला. उत्तर आलं, "अय्यो". दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं हजर, खिडकीच्या कट्ट्यावर पुढं आलेली पट्टी बसवली आणि नेक पंधरा सेंटीमीटर वाढवला, एक रुपया घेतला नाही. काम नीट आहे, पण आता खिडकीचं एक दार उघडत नाही, आणि आमच्यात त्यावरनं जे ऐकायला लागलं ते त्या वर्कशॉपवर येऊन कुणी ऐकणार नाही. वाळवण गच्चीत घातलं की बायको त्या खिडकीतनं लक्ष ठेवायची.

कार्डांचे खण पण जरा तंग आहेत. कोरड्या दिवसांत कार्ड सरकन निघतं, ह्या पावसाळ्यात लग्नपत्रिकेचा कागद ओल धरून फुगला आणि अडकायला लागला, ओढताना एक-दोन फाटली. अर्धा मिलिमीटर मोकळं ठेवलं असतं तर भागलं असतं. मी कानशीनं घासून घेतलं.

पैसे. डिझाइनचे साडेसहा हजार, पहिल्यांदा ऐकून मला जास्त वाटले, आता वाटत नाहीत. टेबल, फ्रेम, बसवणं बावीस हजार, नवीन पॉइंट आणि किरकोळ रूळ अकरा हजारांच्या आसपास, ते मीच मागवले. स्वतः केलं असतं तर निम्म्यात झालं असतं पण निम्म्यात नऊ लाइनी झाल्या असत्या. ज्याला नुसतं डिझाइन पाहिजे त्याला तेवढं पण करून देतात. ज्याला गाडी गोल गोल फिरताना बघायला आवडते, आणि त्यात काही वाईट नाही, त्यानं हा खर्च करू नये, त्याला यार्ड शोभेलाच पाहिजे असतं, त्यानं खुशाल नऊ लाइनी भरून ठेवाव्यात.

आणि सेशनचं म्हणाल तर पट्टी वाढवल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी यार्डवर मी होतो. बारा वॅगनी शोकेसमध्ये गेलेल्या, अठ्ठावीस लेआउटवर, मनात जरा खट्टू. पिक-अप मालगाडी (वाटेत वॅगनी सोडत-उचलत जाणारी) आली, दोन नंबरला घेतली, इंजिन सुटून बाजूला गेलं. मी छोटं इंजिन शेपटाला लावलं, लड नेकवर ओढली, टक्, खताची वॅगन पुण्याकडच्या लाइनीत, परत मागं, टक्, हळदीच्या दोन गावातल्या लाइनीत. मान खाली, हातात काडी, कार्डं खणात पडतायत. मधेच कोपरापाशी काहीतरी सळसळलं. बघितलं तर महालक्ष्मी, निघून पण चालली होती. मेहुणा पलीकडं चहा पीत, एका हातानं गाडी चालवायचं कंट्रोलर धरून, काही बोलला नाही, नुसती भुवई उडवली. त्या दिवशी पन्नास मिनिटांत मेन लाइन तीनदा अडली, ती पण मिनिटभर, मालगाडी बाहेर काढताना. मी पण आता वही ठेवतो, दोन रकान्यांची. बाहीचा रकाना शून्य, कारण ताईनं सांगितल्यापासून हाफ शर्ट घालतो.

नवीन अडचण अशी झालीये की यार्डचं काम आता सगळ्यांनाच पाहिजे. आधी ते माझ्या गळ्यात मारायचे. आता मिरजेचा मित्र दुपारी अडीचलाच येऊन काडी हातात धरून बसतो, सेशन चारचं. चिठ्ठ्या टाकायला लागलोय. जलदूत मात्र मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

स्टार द्यायचे तर पाचापैकी चार. नेकच्या चुकीचा कापणार होतो पण ती त्यांनी लगेच निस्तरली, उशिराचा पण सोडून दिला, मखर महत्त्वाचंच. एक कापलाय तो वायरिंगच्या वहीसाठी. टेबलाखाली साठ-सत्तर वायरी आहेत, प्रत्येकीला भावानं चिकटपट्टीवर काहीतरी लिहून ठेवलंय, ख-३, म-७, "पु. पलीकडं", एकीवर नुसतं "ही नको". ह्याचा अर्थ लिहिलेली वही देतो म्हणाला होता. दिवाळी होऊन पावसाळा आला. वही आली की पाचवा स्टार टाकतो.